आक्काचा घोळणा

आमच्या आक्काचा घोळणा पहिल्यांदा फुटला तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि मी सहा. मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही चौघं राहत होतो. आई भाकरी थापत होती, आक्का पाटावर बसून जेवत होती, आणि एकाएकी तिच्या ताटातल्या पांढऱ्या भातावर तीन-चार लाल थेंब पडले. तिला वाटलं आमटी सांडली. तिनं मान वर केली आणि तिच्या नाकातून ओठांवर आलेलं रक्त बघून मी ओरडले.

त्या दिवशी जे उपचार झाले तेच पुढं बारा वर्षं होत राहिले. आईनं तिला आडवं केलं, मान मागं टाकायला लावली, टाळूवर तांब्याभर गार पाणी ओतलं. कांदा बुक्कीनं फोडून नाकाशी धरला. शेजारच्या मावशी दूर्वा ठेचून रस घेऊन आल्या आणि कापसाच्या बोळ्यानं तो तिच्या नाकपुडीत पिळला. "वर बघ," आई सारखी म्हणत होती, "कौलांकडं बघ. खाली येऊ देऊ नको." रक्त खाली आलं नाही. ते घशातून पोटात गेलं. थोड्या वेळानं आक्काला काळपट उलटी झाली.

"अंगात उष्णता हाय पोरीच्या," मावशी म्हणाल्या. ते निदान घरानं मान्य केलं. तिखट बंद, गूळ बंद, शेंगदाणे बंद, आणि कोल्हापुरात राहून आक्काला तांबडा रस्सा बंद. उन्हाळ्यात रोज सकाळी धने-खडीसाखरेचं पाणी आणि चमचाभर गुलकंद. तरी महिन्यातून एकदा-दोनदा घोळणा फुटायचाच. वर्गात फुटायचा, खो-खो खेळताना फुटायचा. एकदा रंकाळ्याच्या कठड्यावर बसून भेळ खाताना फुटला आणि आजूबाजूची माणसं उठून लांब जाऊन बसली.

आक्का तशी दांडगी होती. गल्लीतल्या पोरांनी माझी वेणी ओढली तर माझ्याआधी तीच त्यांच्या अंगावर जायची. तिला रक्ताची भीती वाटत नव्हती, राग होता तो आडवं पडण्याचा. "मला बसू दे की," ती म्हणायची, "बसलं की बरं वाटतंय मला." तिचं कुणी ऐकलं नाही. आठ वर्षांच्या मुलीला काय कळतंय, असंच सगळ्यांना वाटायचं. ती वीस वर्षांची झाली तरी आम्ही तिला आडवंच पाडत होतो.

आमचे आण्णा, म्हणजे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते. टापटिपीचे, कमी बोलणारे. आक्काचा घोळणा फुटला की ते चपला घालून बाहेर पडायचे आणि सगळं निस्तरल्यावर परत यायचे. "त्यांना रक्त बघवत नाही," आई सांगायची. आम्हालाही ते खरं वाटायचं. त्यांचे हातरुमाल कायम गडद चॉकलेटी रंगाचे असत आणि ते स्वतःच धूत, न्हाणीचं दार लावून. शेजारणी आईला म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई, नवरा आपलं रुमाल आपण धुतोय." आई त्यावर कधी हसली नाही.

गल्लीतल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि मोठी होईल तसं थांबेल म्हणून सांगितलं. थांबलं नाही. उलट सतराव्या-अठराव्या वर्षी आक्काच्या खालच्या ओठावर बारीक लाल ठिपके दिसायला लागले, कुंकवाच्या काडीनं टेकवल्यासारखे. आई म्हणायची, शोभतात.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी आक्काचं लग्न ठरलं. मुलगा इचलकरंजीचा. घराला लागूनच शेड, शेडमध्ये चार यंत्रमाग, घरात आई आणि तो. माणूस बरा वाटला. बघायला आले त्या दिवशी आईनं आक्काला सकाळपासून पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि बजावलं, नमस्कार करताना फार खाली वाकू नको.

लग्नाची बैठक बसायच्या आदल्या दिवशी आक्का आण्णांसमोर जाऊन उभी राहिली. मी उंबऱ्यावर होते.

"आण्णा, त्यांना सांगूया की. नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं."

आण्णा पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "लोकांपुढं घरातलं सगळं उघडून दाखवायचं नसतं."

"पर लपवायचं तरी कशाला? घोळणाच हाय न्हवं?"

"सांगितलं न्हवं मी!" आण्णा ओरडले. आमच्या घरात आण्णा ओरडलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. आक्का आत निघून गेली.

लग्न झालं. पहिल्या दिवाळीला आक्का आली तेव्हा तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. शेडमधल्या सुताची बारीक तूस दिवसभर घरात उडते, श्वासाबरोबर नाकात जाते, नाक कोरडं पडतं, असं ती सांगत होती. मागांच्या खडखडाटात हाका मारल्या तरी ऐकू येत नाहीत, म्हणून एकदा ती परसात अर्धा तास एकटीच रक्त थांबवत बसली होती. सासूला तिनं पडशाचं निमित्त सांगितलं होतं. एवढं सांगून ती करंज्या तळायला बसली. आईनं डोळ्याला पदर लावला, आण्णा बाजारात गेले.

पुढच्या उन्हाळ्यात दाजीच तिला घेऊन आले. एस.टी.तून उतरून, हातात तिची ट्रंक. आत या म्हटलं तरी ते दारातच उभे राहिले. महिन्यापूर्वी एका सकाळी आक्काला रक्ताची उलटी झाली होती आणि ती सासूबाईंनी बघितली होती. तोंडातून रक्त म्हणजे छातीचा आजार, क्षय. सासूबाईंनी तिची ताट-वाटी वेगळी केली, शेडमधल्या कामगारांना तिच्या हातचा चहा बंद केला, आणि महिनाभरानं तिलाच माहेरी पाठवून दिलं.

"आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं," दाजी आण्णांना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी आईला काय सांगू आता?"

दाजी ट्रंक उंबऱ्याच्या आत ठेवून निघून गेले.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आक्काला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडं आलं. आधी छातीचा फोटो काढला. छाती स्वच्छ होती. तो फोटो मोठ्या खाकी पाकिटात घालून आम्ही नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. त्या दिवशी आण्णाही बरोबर आले, आईनं त्यांना पाठवलंच.

डॉक्टर वयस्क होते. कपाळावर गोल आरसा बांधलेला. त्यांनी आक्काला स्टुलावर बसवलं आणि नाकात पाहायला लागणार तोच घोळणा फुटला. आक्कानं सवयीनं मान मागं टाकली.

"पुढं," डॉक्टर म्हणाले, "मान पुढं कर. मागं नाही." त्यांनी तिचाच अंगठा आणि बोट धरून तिच्या नाकाच्या मऊ भागावर ठेवलं, हाडाच्या खाली. "इथं दाब. दोन्ही बाजूंनी घट्ट. तोंडानं श्वास घे. घशात आलेलं गिळायचं नाही, थुंकायचं. आणि घड्याळ बघ. दहा मिनिटं बोट हलवायचं नाही, थांबलं का म्हणून मधेच बघायचं नाही."

आम्ही तिघंही भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसलो. दहा मिनिटांनी आक्कानं बोट काढलं. रक्त थांबलं होतं.

"आमी उलटंच करत होतो की इतकी वर्षं," आक्का म्हणाली.

"सगळेच करतात," डॉक्टर म्हणाले. "ते रक्त पोटात जातं आणि मग उलटीतून पडतं. लोकांना वाटतं छातीतून आलं."

मग त्यांनी तिचे ओठ बघितले, जीभ बाहेर काढायला लावली, हाताची बोटं उजेडात धरून एकेक टोक निरखलं. बोटांच्या टोकांवरही तसेच ठिपके होते, आम्ही कधी नीट पाहिलेच नव्हते. मग डॉक्टर म्हणाले, शिकत असताना मुंबईला असे दोनच पेशंट बघितले होते. त्या आजाराला दोन-तीन साहेबांची लांबलचक नावं होती, ती मला तेव्हा कळली नाहीत. कळलं ते एवढंच, की नाकाच्या अस्तरात आणि ओठ-जिभेवर बारीक रक्तवाहिन्यांच्या गाठी होतात, त्यांची भिंत पातळ असते, शिंकलं तरी फुटतात. उष्णतेचा त्याच्याशी काही संबंध नाही. औषधानं डागून काही दिवस थांबतं, पण शेजारी नवीन गाठी येतात, आणि सारखं डागत राहिलं तर नाकाच्या पडद्याला भोक पडतं. हा आजार संसर्गाचा नाही. तो आईकडून किंवा वडिलांकडून येतो.

"घरात आणखी कुणाचा घोळणा फुटतो?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. आण्णा पाकिटाची दोरी गुंडाळत होते.

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं. "तुमची जीभ बघू जरा."

"माझं काय काम?" आण्णा म्हणाले. "मला काही नाही."

खिडकीतून उजेड सरळ त्यांच्या तोंडावर येत होता. त्यांच्या खालच्या ओठावर, कडेला, एक लाल ठिपका होता. तो मी जन्मापासून बघत आले होते. माणसाला तीळ असतो तसा तो आण्णांना आहे, एवढंच मला वाटायचं. मी तो ठिपका बघितला, आक्काचा ओठ बघितला, आणि मला त्यांचे चॉकलेटी रुमाल आठवले. डॉक्टरांनी परत विचारलं नाही. त्यांनी चिठ्ठीवर लोहाच्या गोळ्या लिहिल्या, नाकाला आतून रोज लावायला मलम लिहून दिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आम्ही घरी आलो. आईनं पाणी आणून दिलं. आक्कानं भांडं तसंच खाली ठेवलं.

"आण्णा, तुमचाबी घोळणा फुटतोय न्हवं?"

आण्णा खुर्चीत बसले होते. त्यांनी आईकडं बघितलं. आईनं मान खाली घातली, आणि तिला पहिल्यापासून माहीत होतं हे आम्हाला त्यावरून कळलं.

"माझ्या आईचा फुटायचा," आण्णा म्हणाले. ते आम्हाला त्यांच्या आईबद्दल कधी सांगत नसत, ती ते लहान असतानाच गेली होती एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मुरगूडच्या अलीकडं त्यांचं गाव. तिलाही अशाच रक्ताच्या उलट्या व्हायच्या. गावानं क्षय म्हणून ठरवलं. तिला घराबाहेर गोठ्याशेजारच्या पडवीत ठेवलं होतं. आण्णा नऊ वर्षांचे होते, लांबून तिच्या ताटलीत भाकरी टाकायचं काम त्यांचं होतं. ती पडवीतच गेली. तिची भांडी कुणी घरात घेतली नाहीत, ओढ्यात नेऊन टाकली. "पुढच्या वर्षी माझा घोळणा फुटला. मी कुणाला दाखवला न्हाय. तेव्हापासनं न्हाय." कचेरीत शुद्ध बोलणारे आण्णा त्या वेळी गावाकडचं बोलत होते.

मला त्यांची दया आली. आक्कालाही आली असणार, पण ती थांबली नाही.

"तुम्ही एकदा बोलला असता, तर मी एकटी पडले नसते," ती म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यातच काय तरी खोट हाय."

मग तिनं त्यांच्याकडं एकच गोष्ट मागितली. इचलकरंजीला जायचं, तो छातीचा फोटो सासूबाईंना आणि दाजींना दाखवायचा, आणि सांगायचं, की हा क्षय नाही, हे माझ्याकडून आलंय, मलाही आहे आणि मी धडधाकट नोकरी करतोय. बास. तिनं दाजींना पत्र लिहिलं होतं, त्याला उत्तर आलं नव्हतं. मी जाते म्हटलं तर आई म्हणाली, धाकट्या बहिणीनं असल्या बोलण्याला जायचं नसतं, बापच पाहिजे.

आण्णा रविवारी गेले. धुतलेला सदरा, टोपी, काखेत खाकी पाकीट. संध्याकाळी दिवेलागणीला परत आले.

"कुणी भेटलं न्हाय," ते म्हणाले. "घराला कुलूप होतं."

आक्का स्टोव्हला पिन मारत होती. तिनं वर बघितलं, आण्णांच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं आणि परत पिन मारायला लागली. पुढच्या रविवारी परत जाईन, असं आण्णा म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांना कचेरीचं काम निघालं. मग पाऊस लागला. मग तो विषय कुणी काढेनासं झालं.

आक्का त्यानंतर सासरी गेली नाही. पेठेतल्याच एका बालवाडीत तिला काम मिळालं. पदराला कायम स्वच्छ रुमाल, नाकाला आतून मलम, आणि घोळणा फुटला की ती मुलांना म्हणायची, "हात जोडून दहापर्यंत उजळणी म्हणा." मुलं म्हणत राहायची, ती खुर्चीत पुढं वाकून नाक दाबून बसायची. तरी वरचेवर अंगातलं रक्त इतकं कमी व्हायचं की जिना चढताना ती दोनदा थांबायची. मग सरकारी दवाखान्यात दाखल व्हायचं. तिथं नाकात मलमात भिजवलेली लांबच लांब पट्टी चिमट्यानं थरावर थर बसवत भरायचे. मी तिचा हात धरून उभी राहायची. तिच्या दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहायचं, ती ओरडायची नाही. दोन दिवस ती पट्टी तशीच, तोंडानं श्वास, कोरडी पडलेली जीभ, चमच्यानं पाणी. पट्टी काढताना पुन्हा रक्त. एकदा रक्ताची बाटली द्यायची वेळ आली तेव्हा आण्णा पुढं झाले. तपासणाऱ्या माणसानं त्यांच्या बोटाचा थेंब बघितला आणि म्हणाला, "काका, तुमच्यातच रक्त न्हाय, तुम्ही कुठं देताय?" मग मी दिलं.

त्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी तिला मिरजेला पाठवलं. तिथं मांडीची कातडी काढून नाकाच्या आत लावण्याची शस्त्रक्रिया झाली. चार-पाच वर्षं त्यानं पुष्कळ फरक पडला. पण नाकात खपल्या धरायच्या, वास यायचा, रोज मिठाच्या पाण्यानं धुवावं लागायचं. तिला स्वतःला वास कळेनासा झाला होता, दुसऱ्यांना येत असेल या धास्तीनं ती माणसांपासून लांब बसायला लागली. गल्लीतल्या पोरांच्या अंगावर जाणारी माझी बहीण लग्नकार्यात मागच्या ओळीत, दाराजवळ बसायची.

माझ्या लग्नाचं बघायला लागले तेव्हा मी अट घातली, पहिल्या भेटीतच सांगायचं. दोन ठिकाणची माणसं चहा पिऊन गेली ती परत आली नाहीत. तिसऱ्यांना काही वाटलं नाही. माझा घोळणा कधी फुटला नाही. तरी मी अजून सकाळी आरशात ओठ बघते.

लग्नानंतर वर्षभरानं कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर मला दाजी भेटले. त्यांचं दुसरं लग्न झालं होतं, बरोबर लहान मुलगी होती. त्यांनी आक्काची चौकशी केली. मी सांगितलं. मग धीर करून विचारलं, पत्र मिळालं नव्हतं का.

"मिळालं की," ते म्हणाले. "आईला वाचून दाखवलं मी. ती म्हणाली, पत्रात कुणीबी कायबी लिहील, तिच्या बापाला येऊन सांगू दे. आम्ही वाट बघितली. चार म्हैनं बघितली."

"आण्णा आले होते. रविवारी. तुमच्या घराला कुलूप होतं."

दाजी माझ्याकडं बघत राहिले. "माग चालू असलेल्या घराला कुलूप कसं असंल, ताई? पाळ्या चालतात आमच्याकडं." त्यांची गाडी लागली. मुलीला कडेवर घेऊन ते गेले.

आण्णा त्या दिवशी कुठं बसले होते, ते मला कधीच कळलं नाही. कदाचित इचलकरंजीच्या स्टँडवरच. कदाचित त्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन मागांचा आवाज ऐकून परतले असतील. मी त्यांना विचारलं नाही.

आण्णा निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी त्यांचा घोळणा आमच्यादेखत फुटला. दुपारची वेळ. मी माहेरी आले होते. ते खुर्चीत पेपर वाचत होते आणि सदऱ्यावर रक्ताची धार लागली. त्यांनी सवयीनं उठायचा प्रयत्न केला, चपलांकडं हात नेला. आक्का बालवाडीतून नुकतीच आली होती. तिनं पिशवी टाकली, त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, मागं उभं राहून त्यांचं डोकं पुढं वाकवलं आणि नाक दाबून धरलं.

"आई, घड्याळ बघ," ती म्हणाली.

आण्णांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते काहीतरी सांगू बघत होते. नाक दाबलेल्या माणसाचे शब्द नीट कळत नाहीत. "मी त्या वेळी..." एवढं मला कळलं.

"बोलू नका," आक्का म्हणाली. "तोंडानं श्वास घ्या. गिळू नका, थुंका."

दहा मिनिटांनी थांबलं नाही. तिनं आणखी दहा मिनिटं धरलं. तिच्याच अंगात तेव्हा ताकद नव्हती, पण मी धरते म्हटलं तरी तिनं सोडलं नाही. रक्त थांबल्यावर तिनं ओल्या फडक्यानं त्यांचं तोंड पुसलं, सदरा बदलला, आणि रक्ताचे रुमाल बादलीत भिजत घातले. आण्णांनी ते बोलणं पुन्हा काढलं नाही. चार महिन्यांनी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले.

आक्का त्यांच्यानंतर पाच वर्षं जगली. रक्त कमी पडून पडून तिचं हृदय थकलं, असं डॉक्टर म्हणाले. जाताना चौतीस वर्षांची होती. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिनं मला एकदा विचारलं, "तुझे दाजी कुठं दिसले व्हते काय गं तुला कधी?" मी नाही म्हणाले. तिनं माझ्याकडं बघितलं, स्टोव्हला पिन मारताना आण्णांकडं बघितलं होतं तसंच, आणि कूस बदलली. तिला सगळं आधीच ठाऊक होतं, का ते तिला माझ्याकडून ऐकायचं होतं, हे मला कळायला मार्ग नाही. मी तिला जपलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. हल्ली सांगत नाही.